झडती घ्या, पण पावती द्या

(मंडळाच्या वाचनालयात झालेल्या सभासदांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



या वाचनालयात सीमाप्रश्नावर बोलणारे मोठमोठे वक्ते येऊन गेले. त्यांच्या जागी उभे राहण्याची आमची पात्रता नाही. आम्ही बँकेतले क्लार्क, शिक्षण बी. कॉम., दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे हा आमचा धंदा. त्यामुळे आज जे बोलणार आहोत तो चिल्लर हिशेब आहे. चिल्लर हा शब्द मुद्दाम वापरला, त्याचा खुलासा लगेच होईल.

विषय फुटबॉलचा आहे, आणि नेमके सांगायचे तर मैदानाच्या फाटकाचा. आत गोल कसा झाला हे तरुणांना आमच्यापेक्षा जास्त कळते. पण फाटकावर माणसाला कसे वागवले जाते हे सर्वांनाच कळते, फक्त त्यावर कोणी बोलत नाही. तिकीट काढलेला माणूस खाली मान घालून खिसे उलटे करतो आणि आत जाऊन विसरतो. आम्हीही कितीतरी वर्षे विसरत होतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आम्ही पाच जण गाडी करून एक सामना बघायला गेलो होतो. आम्ही, आमचे दोन शेजारी, कॉलेजात शिकणारा पुतण्या आणि भाची. गाव कोणते, मैदान कोणते, सुरक्षेचा ठेका कोणाकडे होता, हे आम्ही सांगणार नाही. एका मैदानाचे नाव घेतले की बाकीची सगळी सोवळी ठरतात, आणि तशी ती नाहीत.

फाटकावर रांग होती. पहिल्या रक्षकाने डबा काढून घेतला. त्यात चपात्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. पाण्याच्या बाटल्या घेतल्या. शेजाऱ्यांची पान-सुपारीची चंची घेतली, ते एक वेळ ठीक. आमच्या खिशातले पेन घेतले. मग म्हणाला, सुट्टे पैसे काढा. खिशात सत्त्याऐंशी रुपयांची नाणी होती. ती एका निळ्या प्लास्टिकच्या बादलीत टाकायला लावली. बादली अर्धीअधिक भरलेली. परत कधी मिळणार, असे विचारले. "परत मिळत न्हाईत, काका," असे उत्तर आले. सामना सुटल्यावर मुद्दाम त्याच फाटकाने बाहेर पडलो. बादली नव्हती, रक्षक नव्हता, टेबलही उचललेले होते.

आता हिशेब करू. समजा मैदानात दहा हजार माणसे आली आणि प्रत्येकाकडून सरासरी दहा रुपयांची नाणी गेली, तर एक लाख रुपये झाले. ही रक्कम कोणाच्या खात्यावर जमा होते? कोणत्या वहीत नोंद होते? आमच्याकडे एखाद्या आजीबाईने पन्नास रुपये भरले तरी चलनाची दुसरी बाजू शिक्का मारून तिच्या हातात द्यावी लागते. संध्याकाळी रोकड एक रुपयाने कमी भरली तर घरी जाता येत नाही. आणि इथे हजारो माणसांचे पैसे बादलीत गोळा होतात, कागदाचा चिटोरा नाही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत. सरकारने पाडलेले नाणे फाटकावर हत्यार ठरते, आणि हत्यार ठरले तर त्याचा पंचनामा व्हायला हवा, तोही होत नाही.

नाणे फेकून खेळाडूला इजा होऊ शकते, हे आम्हाला मान्य आहे. मग तिकिटावर आधीच ठळक छापा की नाणी आणू नका. फाटकाजवळ सामान ठेवण्याची सोय करा, टोकन द्या. देवळाबाहेर चपला ठेवणारी बाईसुद्धा बिल्ला देते हो!

पाण्याचे तर बोलायलाच नको. बाटली फेकतात म्हणून बाहेरची बाटली बंद, आणि आत तीच बाटली दुप्पट-तिप्पट भावाने विकायला. आत घेतलेली बाटली फेकली तर लागत नाही काय? १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात लिओनेल मेस्सी आला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली होती. मेस्सीभोवती मान्यवरांचा एवढा गराडा पडला की गॅलरीतल्या माणसाला तो धड दिसलाही नाही, आणि थोड्याच वेळात तो निघूनही गेला. मग लोक खवळले. खुर्च्या उखडल्या, बाटल्या भिरकावल्या. त्या बाटल्या काही घरून आणलेल्या नव्हत्या. मुख्य आयोजकाला पोलिसांनी अटक केली, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. मोडतोडीचे समर्थन आम्ही करत नाही. पण फाटकावर बाटल्या हिसकावून शांतता राहते हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांबाबत निकाल दिला. मालकाला बाहेरचे खाद्यपदार्थ रोखता येतील, पण पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागेल आणि तान्ह्या बाळाचे खाणे अडवता येणार नाही. हा निकाल सिनेमागृहांचा आहे, मैदानांचा नाही, हे आम्ही जाणतो. तरी दोन तास गार हवेत बसणाऱ्याला फुकट पाणी आणि उन्हात बसणाऱ्याला विकतचे, यातली गोम शाळकरी पोरालाही कळेल.

आता त्या दिवशीच्या पुढच्या दोन गोष्टी. बोलायला जड जाते, पण बोलतो.

भाचीची पर्स एका पुरुष रक्षकाने टेबलावर उपडी केली. मागे रांगेत पन्नास माणसे. बायकांच्या पर्समध्ये काय काय असते हे इथल्या माता-भगिनींना सांगायला नको. महिला रक्षक होती म्हणे, पण ती दुसऱ्या फाटकावर. पोरीने काही न बोलता सगळे गोळा केले. तेव्हापासून ती सामन्याला आलेली नाही. घरी टीव्हीवर बघते.

पुतण्याच्या शर्टाच्या पाठीवर देवनागरीत ‘शहापूर, बेळगाव’ एवढीच अक्षरे होती आणि गळ्यात भगवे उपरणे. रक्षकाने वरच्या माणसाला बोलावले. त्याने उपरणे काढून घेतले आणि म्हणाला, "हा राजकीय मजकूर आहे, शर्ट उलटा करून घाल." गावाचे नाव हा राजकीय मजकूर! अर्थात १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर गावाचे नाव बेळगावी झाले आहे, तेव्हा त्या माणसाच्या दृष्टीने त्यात राजकारण असेलही. आमच्या शेजाऱ्यांपैकी एक कन्नड भाषिक आहेत, तीन पिढ्या आपल्याच गल्लीत राहतात. पुतण्याच्या बाजूने फाटकावर कन्नडमधून तावातावाने भांडले ते तेच. उपयोग झाला नाही. पोराने सगळ्यांसमोर शर्ट काढला, उलटा केला आणि घातला. पूर्ण सामना त्याने शिवणी बाहेर आलेल्या शर्टात पाहिला. आम्ही घरी आल्यावर त्याच्या वडिलांना हे सांगितले नाही. आज ते इथे बसलेत, आज कळले त्यांना.

तेव्हा प्रश्न असा की फाटकावरच्या या माणसाला हे करण्याचा अधिकार दिला कोणी? आम्ही वकील नाही, पण वाचून आणि दोन वकिलांना विचारून जेवढे कळले ते सांगतो.

खासगी रक्षक हा पोलीस नव्हे. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्राचा कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे रक्षकाकडे फोटोचे ओळखपत्र असले पाहिजे आणि विचारल्यावर ते दाखवले पाहिजे. पोलिसासारखा गणवेश त्याला घालता येत नाही. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकाचे प्रशिक्षण वर्गात शंभर तास आणि प्रत्यक्ष सरावात साठ तास धरले आहे. आपल्या अंगाला हात लावण्याचा त्याचा अधिकार आपल्या संमतीतून येतो. आपण नाही म्हटले तर तो आत सोडायला नकार देऊ शकतो, पण बळजबरीने झडती घेऊ शकत नाही. पोलिसांचे अधिकार वेगळे, आणि त्यांनाही बंधने आहेत. अटक केलेल्या बाईची झडतीसुद्धा बाईनेच आणि सभ्यता राखून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिले आहे, जुन्या फौजदारी संहितेतही होते. अटकेतल्या बाईला जी मर्यादा मिळते ती तिकीट काढलेल्या पोरीला मिळू नये काय?

दुसरे असे की तिकीट काढणारा ग्राहक आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची व्याख्या आहे, तिच्यात करमणूक हा शब्द स्पष्ट आहे, १९८६ च्या कायद्यातही होता आणि २०१९ च्या कायद्यातही आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. सत्त्याऐंशी रुपयांसाठी कोण जाणार, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हटले आणि गेलो नाही. ठेकेदारांचे फावते ते इथेच.

तिसरे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. म्हणजे आपल्याच राज्याचे. (हे राज्य आपले म्हणावे की नाही, याचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयात घातला आहे, म्हणून तो शब्द जपून वापरतो.)

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्याने आमची नाणी घेतली तो रक्षक मध्यंतरात आम्हाला पाण्याच्या टाकीजवळ भेटला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, खानापूर तालुक्यातला, मराठी. म्हणाला, "सकाळी सा वाजल्यापास्नं उभा हाय, काका. नाष्टा न्हाई, पाणी न्हाई. वरनं सांगटल्यांत तेच करतोय." त्याला कामावर घेतले होते आदल्या संध्याकाळी. शंभर तासांचे प्रशिक्षण राहू द्या, फाटक कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा त्याला सकाळी कळले. शर्टाचा त्याला जरा अपराध वाटत होता. म्हणाला, अक्षरं बघून मी कायच म्हटलं नसतं, सुपरवायझर जवळ हुता. या पोराशी आमचे भांडण नाही. दिवसाच्या रोजावर आणलेल्या, न शिकवलेल्या पोरांना शिट्टी आणि काठी देऊन हजारो माणसांपुढे उभे करणारा जो ठेका आहे, त्याच्याशी आहे.

कोणी म्हणेल, सुरक्षेसाठी एवढे सोसावे लागते. मग सुरक्षेचेच बघू. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जीव गेले. आदल्या रात्री संघ पहिल्यांदाच आयपीएल जिंकला, दुसऱ्या दिवशी लगेच सत्कार ठरला. मैदानात जागा पस्तीस हजारांच्या आसपास आणि लोटलेली माणसे लाखांच्या घरात. पास लागणार की फुकट प्रवेश, याचा पत्ता नाही. कोणते फाटक उघडे, कोणते बंद, ते सांगणारे कोणी नाही. ती पोरे बाटल्या किंवा नाणी आणल्यामुळे मेली नाहीत. बंद फाटकाला चेंगरून मेली.

२८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळ सेंट डेनिस इथे युरोपातल्या क्लबांचा अंतिम सामना होता, लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद. तिकिटाची तपासणी आणि झडती एकाच अरुंद वाटेवर ठेवली, हजारो माणसे तिथे तुंबली. मग फाटके बंद झाली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला, त्यात बायकामुले होती. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी जाहीर केले की तीस-चाळीस हजार इंग्रज समर्थक खोटी तिकिटे घेऊन किंवा विनातिकीट आले होते. पुढे यंत्रावर सापडलेली खोटी तिकिटे अडीच हजारांच्या आसपास निघाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, त्यात मुख्य जबाबदारी सामना भरवणाऱ्या युरोपीय महासंघावर ठेवली. लिव्हरपूलच्या लोकांना हे नवीन नव्हते. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या मैदानात त्यांची माणसे जाळीला चिरडून मेली. मृतांचा आकडा पुढे सत्त्याण्णववर गेला. तेव्हाही दोष समर्थकांवरच टाकला होता, दारू पिऊन आले म्हणून. ते खोटे होते हे ज्युरीने सांगेपर्यंत २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे! आमचा खटला लांबला म्हणून आपण हळहळतो, तेव्हा त्या आईबापांची आठवण ठेवावी.

गमतीचा भाग असा की त्याच सेंट डेनिसमध्ये जुलै २०१६ मध्ये युरोपातल्या देशांनी सामन्यांसंबंधी एक करार सहीसाठी खुला केला होता. त्यात सुरक्षितता आणि बंदोबस्त यांच्या बरोबरीने तिसरा शब्द घातला, सेवा. म्हणजे प्रेक्षकाला पाणी, शौचालय, नीट सांगणारा माणूस, आणि समर्थकांच्या संघटनांशी आधी बोलणी. कागदावर सही करून पुढे सहा वर्षांनी तिथेच अश्रुधूर सोडला, हा भाग निराळा. पण निदान तिथे अहवाल निघतो आणि कोणाची चूक ते छापून येते. इंग्लंडमधल्या समर्थकांच्या संघटनेने तर फुटबॉल बघणे हा गुन्हा नाही, या नावानेच मोहीम चालवली होती. आपल्याकडे खेळाडूंची संघटना आहे, क्लबांची आहे, पंचांची आहे. बघणाऱ्यांची कुठे आहे?

आता शर्टाकडे परत येतो, कारण आपल्या भागातल्या माणसाला बादलीपेक्षा तो जास्त बोचतो. येळ्ळूरच्या फलकाचे २०१४ साली काय झाले आणि घरात शिरून माणसांना कसे बडवले, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. कोगनोळीच्या नाक्यावर थांबवले जाण्याचीही आपल्याला सवय आहे. पण शहाण्या माणसाने सवय आणि नियम यांत गल्लत करू नये. फाटकावरची झडती धोक्याच्या वस्तूंसाठी आहे. चाकू, फटाका, दारू, दगड. अक्षरे आणि रंग त्या यादीत कसे आले, एवढेच विचारायचे.

२०१६ च्या मे महिन्यात स्पेनमध्ये हाच प्रश्न आला होता. बार्सिलोना हा कॅटलान भाषकांचा क्लब. त्यांची भाषा वेगळी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना स्पेनमधून वेगळे व्हायचे आहे. त्यांचा एक चांदणीचा झेंडा आहे, तो सरकारी नाही. स्पेनच्या राजाच्या नावाच्या चषकाचा अंतिम सामना २२ मे रोजी माद्रिदला होता. चार दिवस आधी माद्रिदमधल्या सरकारी प्रतिनिधी बाईंनी हुकूम काढला की तो झेंडा आत आणू द्यायचा नाही, फाटकावर काढून घ्या. आधार दिला खेळातल्या हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचा. प्रकरण कोर्टात गेले आणि सामन्याच्या दोन दिवस आधी, २० मे रोजी, न्यायाधीशाने बंदी उठवली. हा झेंडा हिंसा, वंशद्वेष किंवा असहिष्णुता भडकवतो असे दाखवणारे काही समोर आलेले नाही, असे कारण दिले. झेंडे आत गेले, सामना झाला, बार्सिलोना जिंकला, कोणाचे डोके फुटले नाही. लक्षात घ्या, ते देशातून बाहेर पडू म्हणणारे लोक आहेत. आपण तर फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ म्हणतो, तेही संविधानाच्या चौकटीत. आणि पुतण्याच्या शर्टावर तेवढेही लिहिलेले नव्हते!

कतारच्या विश्वचषकात २१ नोव्हेंबर २०२२ रोजी वेल्सच्या समर्थकांच्या सप्तरंगी टोप्या फाटकावर काढून घेतल्या. समलैंगिकांच्या हक्कांना पाठिंबा म्हणून त्या घातल्या होत्या. महिला संघाच्या माजी कप्तान लॉरा मॅकॲलिस्टर यांनाही टोपी काढायला सांगितली. चार दिवसांनी इराणच्या सामन्यात बायकांच्या स्वातंत्र्याच्या घोषणा लिहिलेले शर्ट आणि जुने झेंडे अडवले. कोणाला ते विचार पटतील, कोणाला नाही. पण बघा, दर ठिकाणी रक्षकाच्या हातातली धोक्याच्या वस्तूंची यादी हळूच लांबते आणि सरकारला नको असलेल्या वस्तूंची यादी होते. उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याला ईस्ट बंगालच्या समर्थकांनी, बंगाली बोलणाऱ्यांना बांगलादेशी ठरवण्याविरुद्ध भला मोठा पडदा गॅलरीत उलगडला. गोष्ट राजकीयच होती. मैदान कोसळले नाही.

हे सगळे म्हटल्यावर आपल्या अंगणातही बघायला हवे. शेजारच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने बघायला आपण हौसेने जातो. तालमींच्या पेठांनी फुटबॉल असा डोक्यावर घेतलेले दुसरे शहर महाराष्ट्रात नाही. त्याच कोल्हापूरने अनिकेत जाधव दिला, जो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याच गॅलरीतून शिव्या, बाटल्या आणि कधी दगडही आलेले आहेत, आणि स्पर्धा हुल्लडबाजीमुळे थांबवाव्या लागल्या आहेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात गॅलरीत मारामारी जुंपली, पळापळ झाली आणि सोळा जण मेले. सुरक्षा नकोच, असे म्हणणारा माणूस वेडा. झडती हवी. आमची तक्रार झडतीच्या रीतीबद्दल आहे.

आणि आपल्या मंडळाचे काय? गेल्या स्पर्धेत आपलेच फीत लावलेले स्वयंसेवक दोरीपाशी लहान मुलांना ढकलत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांची काठी काढून घेतली. काठीशिवाय ते उभे कसे राहणार, एवढा विचार कोणी केला नाही. त्यांना खुर्ची दिली ती नंतर, शेजारच्या चहावाल्याने. सत्ता फीत लावण्याएवढी असली तरी माणसाला चढते.

म्हणून ठराव मांडण्याआधी सुरुवात आपल्यापासून करायची आहे. पुढच्या स्पर्धेत आपल्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या छातीवर नाव असेल. काय आणू नये याचा फलक आठ दिवस आधी लागेल, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. बायकांच्या रांगेवर बायका असतील, पडदा असेल. काढून घेतलेल्या वस्तूला टोकन मिळेल आणि सामना सुटल्यावर अर्धा तास टेबल हलणार नाही. पाण्याचे पिंप फुकट. हे आपण करून दाखवले की दुसऱ्यांना सांगायला तोंड राहते.

मग तेच इतर आयोजकांना आणि परवानगी देणाऱ्या पोलीस खात्याला लेखी द्यायचे. जिथे अल्पसंख्य भाषकांची संख्या पंधरा टक्क्यांवर आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा दंडक आहे. खासगी आयोजकाला तो बांधत नाही, पण परवानगीच्या अटी हा सरकारी कागद आहे, त्यात ही अट घालता येते. चिन्नास्वामीच्या दुर्घटनेनंतर कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये गर्दी नियंत्रणाचे विधेयक मांडले. त्यात आयोजकांच्या शिक्षेबद्दल भरपूर आहे. गर्दीतल्या माणसाला काय मिळायला हवे, हेही कोणीतरी सांगितले पाहिजे. आपल्या आमदार-खासदारांनी आजवर हा विषय काढलेला आमच्या ऐकण्यात नाही. त्यांनाही एक प्रत जाईल.

तरुणांना एक विनंती. फाटकावर हात उचलू नका, शिवी देऊ नका. तसे झाले की त्यांचे काम सोपे होते, दुसऱ्या दिवशी छापून येते की हुल्लडबाजांनी धुडगूस घातला. ओळखपत्र बघायला मागा, नाव लिहून घ्या, वेळ लिहा, वस्तू लिहा, पावती मागा. पेन काढून घेतले तर मोबाईलवर लिहा. पावती मिळणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी मागा. दहा जणांनी मागितली तर सुपरवायझर येतो, शंभर जणांनी मागितली तर ठेकेदाराला यावे लागते.

अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. आमच्या शेजाऱ्यांनी त्याचे कन्नड भाषांतर करून दिले आहे, सही दोन्ही प्रतींवर करावी. बैठकीला येणार नाही म्हणणारी भाची निदान मसुदा वाचून गेली, आणि पर्स टेबलावर उपडी करू नये हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने त्यात घातले आहे.

येत्या रविवारी कोल्हापूरला सामना आहे. गाडी सकाळी सात वाजता नाथ पै चौकातून सुटेल, दोन जागा शिल्लक आहेत. येणाऱ्यांनी खिशातली नाणी घरी मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून आणावा.